हापूस, काजू आणि कोळंबी : संरक्षणवादाच्या चर्चेची एक प्रादेशिक चिकित्सा

प्रस्तावना

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय मालांवर प्रथम २५ टक्के आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून एकूण ५० टक्के अतिरिक्त आयातशुल्क लादले. त्यानंतर मराठीत जी चर्चा झाली तिचे स्थूलमानाने दोन प्रवाह दिसून येतात. पहिला प्रवाह स्वदेशीच्या पुनरुज्जीवनाचा होता. परकीयाने दार लावून घेतले तर आपणही आपले दार लावावे, अशी त्याची भूमिका. दुसऱ्या प्रवाहाने हा प्रसंग भारताच्या स्वतःच्या उंच शुल्कभिंतींचे फळ मानला आणि बाजारपेठ खुली करण्याचा आग्रह धरला. वरवर पाहता हे प्रवाह परस्परविरोधी आहेत. परंतु 'राष्ट्राचे व्यापारी हित' नावाची एकसंध वस्तू अस्तित्वात असून तिचे रक्षण कसे करावे एवढाच प्रश्न शिल्लक आहे, असे दोन्ही प्रवाहांनी गृहीत धरलेले दिसते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा रत्नागिरी जिल्ह्यातील हापूस, काजू आणि कोळंबी या तीन मालांच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे.

रत्नागिरीची निवड केवळ सोयीची नाही. व्यापारी तंट्याचे स्मारक म्हणावे अशी एक वास्तू याच शहरात उभी आहे. ब्रह्मदेशाच्या दरबाराने १८८५ मध्ये मुंबई-बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीला सागवानाच्या निर्यातीवरील देणे बुडविल्याच्या आरोपावरून मोठा दंड केला. फ्रान्सचा वाढता वावर हे त्यामागील व्यापक कारण खरे. परंतु युद्धाला निमित्त मिळाले ते या दंडाचे. राजा थिबा पदच्युत होऊन १८८६ मध्ये रत्नागिरीस आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये येथेच मरण पावला. १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधून झालेला राजवाडा पाहणाऱ्या पर्यटकाला त्या सागवानाची आठवण सहसा करून दिली जात नाही.

वैचारिक वारसा

मराठी विचारविश्वात संरक्षणवादाला प्रतिष्ठा मिळाली ती वसाहतकालीन अन्यायाच्या अनुभवातून. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात अभिजात अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना व सर्व काळांना सारखेच लागू पडतात, हा दावा नाकारला. १८९६ च्या कायद्याने आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवून देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर बसविला, तेव्हा लँकेशायरच्या हितासाठी येथील राज्यकर्ते कोणत्या थराला जाऊ शकतात हे उघड झाले. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी त्या वेळी विलायती कापडाच्या बहिष्काराचा पुरस्कार केला. हा अबकारी कर १९२६ पर्यंत पूर्णपणे हटला नाही.

आजच्या स्वदेशीवादी लेखनात ही परंपरा वारंवार उद्धृत होते, मात्र तिच्यातील एक मर्यादा दुर्लक्षिली जाते. रानडे व टिळक यांच्यासमोरील संघर्ष मुख्यतः कारखानदारीचा होता आणि प्रतिपक्ष स्पष्ट होता. एका बाजूस परकीय सत्ता व तिचे गिरणीमालक, दुसऱ्या बाजूस येथील उद्योग. शुल्क कोणाच्या बाजूने पडते हे सांगण्यास तेथे फारसे संशोधन लागत नव्हते. रानडे यांनी तर आयातकरापेक्षा राज्यसंस्थेने उद्योगांस करावयाच्या साहाय्यावर अधिक भर दिला होता, हे १८९० च्या औद्योगिक परिषदेसाठी त्यांनी डच ईस्ट इंडीजविषयी लिहिलेल्या निबंधावरून दिसते. त्यांचे नाव घेऊन सरसकट शुल्कवाढीचे समर्थन करणे हे रानड्यांच्या वाचनापेक्षा रानड्यांच्या प्रतिमेवर आधारलेले आहे, असे म्हणावे लागेल.

हापूस : शुल्काविना अडलेला माल

हापूसच्या निर्यातीचा गेल्या चार दशकांचा इतिहास पाहिला तर आयातशुल्काला त्यात जवळजवळ दुय्यम स्थान आहे, असे आढळते. अमेरिकेची बाजारपेठ १९८९ पासून २००७ पर्यंत भारतीय आंब्याला बंद होती, आणि ती कोणत्याही जकातीने बंद झालेली नव्हती. फळमाशी आणि कोयीतील भुंगा यांचा प्रादुर्भाव हे कारण होते. जपाननेही फळमाशीच्याच कारणावरून सुमारे वीस वर्षे बंदी ठेवून २००६ मध्ये ती उठविली. त्यासाठी फळावर बाष्पोष्ण प्रक्रिया बंधनकारक केली. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आंब्यासह वांगी, कारली, पडवळ आणि अळूची पाने यांच्या आयातीस मनाई केली. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या २०७ खेपांत कीड आढळली होती. ही मनाई डिसेंबर २०१५ पर्यंतची होती. आंब्यापुरती ती जानेवारी २०१५ मध्येच उठविण्यात आली.

जागतिक व्यापार संघटनेच्या वनस्पती-आरोग्यविषयक करारानुसार प्रत्येक राष्ट्रास आपल्या शेतीचे किडीपासून रक्षण करण्याचा अधिकार आहे, मात्र त्यासाठी शास्त्रीय आधार असावा लागतो. येथे समीक्षकाने सावध राहिले पाहिजे. प्रत्येक कीटकविषयक अटीला 'छुपा संरक्षणवाद' म्हणण्याची आपल्याकडे सवय जडली आहे. फळमाशी ही काही परकीयांची कल्पना नव्हे. मे महिन्याच्या अखेरीस कोणत्याही बागेत ती दिसते, आणि २०१४ मध्ये युरोपने जे निदर्शनास आणले ते खोटे होते असा गंभीर दावा कोणी केलेला नाही. प्रश्न अटीच्या खरेपणाचा नसून तिच्या पूर्ततेचा भार कोणावर टाकला गेला, याचा आहे.

या दृष्टीने २००७ चा अमेरिकेशी झालेला व्यवहार बारकाईने पाहण्याजोगा आहे. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या भारतभेटीत अणुकरारासोबत आंब्याचाही विषय मार्गी लागला. एप्रिल २००७ मध्ये भारताने मोठ्या क्षमतेच्या मोटारसायकलींना, पर्यायाने हार्ले-डेव्हिडसनला, युरोपीय प्रदूषणमानकांच्या आधारे आयातीस वाट करून दिली. त्याच महिन्याच्या अखेरीस हापूसची पहिली खेप न्यूयॉर्कला पोहोचली. वृत्तपत्रांनी या देवाणघेवाणीचे कौतुकाने वर्णन केले. परंतु दोन्ही बाजूंनी दिले गेले ते अर्धेच. मोटारसायकलीसाठी मानकांचा अडथळा दूर झाला, आयातशुल्क मात्र उंचच राहिले. ते फेब्रुवारी २०१८ मध्ये ५० टक्क्यांवर आणण्यात आले, तरीही राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याचा जाहीर उल्लेख करून तक्रार केलीच. आंब्याच्या बाबतीत नेमके उलटे घडले. शुल्क हा प्रश्न नव्हताच, पण प्रक्रियेची अट अशी होती की ती रत्नागिरीत पुरी करता येत नव्हती.

अमेरिकेस जाणाऱ्या प्रत्येक फळाला किमान ४०० ग्रे मात्रेचे गॅमा विकिरण देणे आवश्यक ठरले. त्यासाठी सुरुवातीस उपलब्ध असलेले केंद्र म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथील 'कृषक'. ते २००२ मध्ये मुख्यतः कांद्यासाठी उभारलेले होते. रत्नागिरीच्या बागेतून उतरलेला आंबा घाट ओलांडून पाचशेहून अधिक किलोमीटर दूर कांद्याच्या पेठेत जाणार, तेथे अमेरिकेच्या कृषिखात्याच्या निरीक्षकासमोर विकिरण होणार आणि मग मुंबईच्या विमानतळावर परत येणार, असा हा मार्ग होता. त्या निरीक्षकाच्या वास्तव्याचा खर्चही भारतीय बाजूनेच उचलावयाचा होता. पुढे वाशी येथे राज्य कृषी पणन मंडळाचे विकिरण केंद्र उभे राहिल्याने अंतर कमी झाले. अवलंबित्व मात्र राहिले. २०२० व २०२१ या दोन हंगामांत साथीमुळे निरीक्षक भारतात येऊ शकले नाहीत आणि अमेरिकेची निर्यात थांबली. त्या दोन वर्षांत आंब्यावर एक टक्काही शुल्क वाढले नव्हते.

निर्यात २०२२ मध्ये सुरू झाली तीसुद्धा पुन्हा एका देवाणघेवाणीतून. भारताचे आंबे व डाळिंबे, अमेरिकेच्या चेरी व लसूणघास, अशी ती होती. या वेळी विकिरणाच्या पर्यवेक्षणाची जबाबदारी टप्प्याटप्प्याने भारतीय यंत्रणेकडे देण्याचे ठरले, ही बाब स्वागतार्ह म्हटली पाहिजे. तथापि मे २०२५ मध्ये वाशी येथे विकिरण झालेल्या सुमारे १५ खेपा अमेरिकेतील विमानतळांवर कागदपत्रांतील त्रुटीच्या कारणावरून अडविण्यात आल्या. माल परत आणावा अथवा तेथेच नष्ट करावा, असे दोन पर्याय निर्यातदारांपुढे होते. झाडावरून उतरल्यानंतर हापूसचे आयुष्य किती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पहिला पर्याय हा पर्यायच नव्हता हे सांगावयास नको. आंबे नष्ट करण्यात आले. पन्नास टक्के शुल्काची घोषणा यानंतर तीन महिन्यांनी झाली आणि संपादकीये लिहिली गेली ती तिच्यावर.

येथे एक गोष्ट नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. हापूसच्या एकूण उत्पादनाचा फार मोठा हिस्सा देशातच खपतो आणि परदेशी जाणाऱ्या फळासाठी मोठी बाजारपेठ आखाती देशांची आहे. अमेरिकेचे दार उघडले अथवा मिटले म्हणून सामान्य बागायतदाराच्या पेटीचा भाव लगेच हलत नाही. मोहोर गळाला, अवकाळी पाऊस पडला, फुलकिडीच्या फवारण्या वाढल्या, तर तो हलतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'रत्ना' व 'सिंधु' या जाती विकसित केल्या, त्यांत साक्याचा दोष टाळण्याचा प्रयत्न झाला. पण बाजार मूळ हापूसलाच धरून राहिला. राजनैतिक भेटींत हापूसच्या पेट्यांना मिळणारे स्थान आणि बागायतीच्या अर्थकारणात अमेरिकी निर्यातीचे स्थान यांतील तफावत कोणत्याही व्यापारकराराच्या मूल्यमापनात मांडली गेली पाहिजे. ती मांडली जात नाही, कारण शोभेची वस्तू म्हणून आंबा फार सोयीचा आहे.

काजू : एकाच बागेतील दोन पक्ष

हापूसच्या प्रकरणात निदान कोकणाची बाजू एक आहे. सर्वांना दार उघडे हवे आहे. काजूच्या प्रकरणात तीही एकवाक्यता उरत नाही.

पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेला काजू कोकणात स्थिरावला, आणि वेंगुर्ले येथील फळसंशोधन केंद्राने 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' यांसारख्या जाती दिल्यानंतर तो पद्धतशीर बागायतीचा विषय झाला. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत बी फोडून गर काढणारे कारखाने उभे राहिले. त्यांत काम करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया आहेत. स्थानिक बीचा हंगाम साधारणतः फेब्रुवारी ते मे. कारखाना मात्र वर्षभर चालला पाहिजे. म्हणून आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, टांझानिया आदी देशांतून काजू बी आयात केली जाते.

आता हितसंबंधांची मांडणी पाहावी. बागायतदाराला आयात होणाऱ्या बीवर भारी शुल्क हवे, कारण ती आली की त्याच्या बीचा भाव पडतो. कारखानदाराला बीवर शुल्क नको, पण व्हिएतनामहून येणाऱ्या तयार गरावर मात्र भारी हवे. ग्राहकाला दोन्ही नकोत. केंद्र शासनाने २०१६ च्या अर्थसंकल्पात काजू बीवर ५ टक्के शुल्क लावले आणि २०१८ मध्ये ते अडीच टक्क्यांवर आणले. याउलट २०१९ मध्ये आयात गरासाठी किमान आयातमूल्य तुकड्यास किलोमागे ६८० रुपये व अखंड गरास ७२० रुपये असे ठरविले गेले आणि गरावरील शुल्क ७० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले.

अर्थशास्त्रात 'परिणामी संरक्षण' ही संकल्पना परिचित आहे. तयार मालावरील शुल्क आणि कच्च्या मालावरील शुल्क यांतील अंतर जितके अधिक, तितके मधल्या प्रक्रियेला मिळणारे संरक्षण कागदावरच्या दरापेक्षा मोठे असते. काजूच्या बाबतीत हे अंतर अवाढव्य आहे, आणि त्याचा लाभ प्रक्रियेच्या टप्प्यावर थांबतो. गराला ७० टक्क्यांचे छत्र मिळाले म्हणून बीचा भाव त्या प्रमाणात वाढला, असे घडले नाही. कारण कारखानदारापुढे अडीच टक्क्यांत आफ्रिकेची बी उपलब्ध होती. महाराष्ट्र शासनाला २०२४ च्या हंगामासाठी काजू बीला किलोमागे १० रुपये अनुदान द्यावे लागले, ही या धोरणाच्या अपुरेपणाची अप्रत्यक्ष कबुलीच होय. शेजारच्या गोव्याने तर २०२३ मध्ये किलोला १५० रुपयांचा आधारभाव केला होता.

तेव्हा बीवरील शुल्क वाढवावे काय? बागायतदारांच्या मेळाव्यात या मागणीला टाळ्या पडतात. परंतु शुल्क वाढले आणि लहान कारखाने पावसाळ्यानंतर बंद पडू लागले, तर त्या बागायतदाराचा सर्वांत जवळचा गिऱ्हाईकच नाहीसा होईल आणि बी फोडणाऱ्या स्त्रीची मजुरी बुडेल. ही स्त्री अनेकदा त्याच वाडीतील, कधी त्याच घरातील असते. 'स्वदेशी' या शब्दाने येथे कोणता पक्ष घ्यावयाचा? बागायतदार स्वदेशी आहे, कारखानदारही आहे आणि मजूर स्त्रीही आहे. व्हिएतनामने २००६ मध्ये काजूगराच्या निर्यातीत भारताला मागे टाकले, ते यांत्रिकीकरणाच्या बळावर. त्यानंतरची आपली शुल्कभिंत देशांतर्गत बाजार राखण्यास उपयोगी पडली. गेलेली निर्यात तिने परत आणली नाही. या ठिकाणी रानडे यांचा दुर्लक्षित मुद्दा पुन्हा उपयोगी पडतो. बीची साठवण करण्यासाठी हंगामात स्वस्त खेळते भांडवल मिळाले, तर लहान कारखाना स्थानिक बीच अधिक महिने वापरू शकेल, आणि तसे झाल्यास शुल्काच्या दरावरचा हा तंटा बराच सौम्य होईल.

कोळंबी आणि कासव

अमेरिकेने १९८९ मध्ये एक कायदेशीर तरतूद केली, तिच्यानुसार समुद्री कासवांना धोका पोहोचेल अशा रीतीने पकडलेल्या कोळंबीची आयात निषिद्ध ठरते. जाळ्यात शिरलेल्या कासवाला बाहेर पडता यावे यासाठीचे 'टेड' नावाचे साधन ट्रॉल जाळ्याला बसविणे ही तिची मुख्य अट. भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी ही तरतूद जागतिक व्यापार संघटनेपुढे आव्हानित केली. ऑक्टोबर १९९८ च्या अपील निर्णयात अमेरिकेची पद्धत भेदभावपूर्ण ठरली. पण कासवांच्या रक्षणासाठी असा निर्बंध तत्त्वतः क्षम्य आहे, हेही मान्य झाले. हा दुसरा भाग आपल्याकडील लेखनात सहसा गाळला जातो. अमेरिकेने अंमलबजावणी सुधारली, कायदा ठेवला, आणि २०१८-१९ पासून भारतातील समुद्रात पकडलेल्या कोळंबीला ती बाजारपेठ बंद झाली.

त्यामुळे २०२५ च्या शुल्कवाढीने आंध्र प्रदेशातील तळ्यांत वाढविलेल्या कोळंबीचे व्यापारी हादरले, तसा हादरा मिरकरवाडा बंदराला त्या मार्गाने बसण्याचे कारणच नव्हते. जेथे थेट प्रवेश नाही तेथे पन्नास टक्के आणि शून्य टक्के यांत भेद राहत नाही. 'भारतीय कोळंबी' असा एकच शब्द वापरणाऱ्या चर्चेत हा फरक बुडून जातो.

याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांसह ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. अंडी विकणाऱ्या किनाऱ्यावर पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा होऊ लागला, हा बदल मोठा आहे. पण किनाऱ्यावर कासव राखणारे गाव आणि समुद्रात टेड न वापरणारा ट्रॉलर हे एकाच जिल्ह्याचे आहेत. परकीयांच्या हेतूविषयी शंका घेताना या दुसऱ्या गोष्टीकडे डोळेझाक करणे समीक्षेला शोभणारे नाही. टेडमुळे मासळीही निसटते, ही मच्छीमारांची तक्रार खरी आहे आणि तिचा विचार झाला पाहिजे. मात्र अट कठीण आहे म्हणून ती अन्याय्य आहे, असे ठरत नाही.

धोरणाचे हेलकावे

गेल्या काही वर्षांतील भारताचे व्यापारधोरण एका दिशेने गेलेले नाही. जून २०१९ मध्ये अमेरिकेने भारतास दिलेली व्यापारसवलत काढून घेतली आणि भारताने बदाम, सफरचंद, अक्रोड यांसह २८ मालांवर प्रतिशुल्क लावले. त्यांपैकी काही मालांवरील प्रतिशुल्क २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉक येथे आशियाई देशांच्या व्यापक करारातून भारत बाहेर पडला. मे २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातींशी करार अमलात आला, जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. या प्रत्येक निर्णयाचे स्वतंत्र समर्थन करता येईल. पण हिमाचल व काश्मीरच्या सफरचंदाचा आवाज दिल्लीत जसा ऐकू गेला, तसा काजू बीचा गेला नाही, असे उपलब्ध दरांवरूनच दिसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने चहा, कॉफी, मसाले, उष्णकटिबंधीय फळे अशा काही कृषिमालांना आपल्या 'प्रतिसादी' शुल्कातून वगळले. तेथील ग्राहकांना महागाई जाणवू लागली होती. शुल्क लावताना आणि काढताना त्या देशाने स्वतःच्या समाजातील गटांचा हिशेब केला. आपल्याकडील चर्चेत हा हिशेब परकीयांच्या बाबतीत तपशिलाने होतो, स्वतःच्या बाबतीत होत नाही.

संरक्षणाची मागणी केवळ देशाच्या सीमेवर थांबते असेही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांसाठी 'हापूस' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा रोख अमेरिका किंवा युरोपकडे नव्हता. वाशीच्या बाजारात कर्नाटकचा आंबा कोकणच्या नावाने विकला जातो, ही त्यामागची जुनी तक्रार. म्हणजे जो बागायतदार न्यूयॉर्कचे दार उघडावे म्हणतो, तोच धारवाडकडील आंब्यासाठी नावाचे दार बंद असावे म्हणतो. आणि दोन्ही ठिकाणी त्याचे म्हणणे सयुक्तिक आहे. अलीकडे त्याच वाशीत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आफ्रिकेतील मलावीचा हापूस येऊ लागला आहे. त्याच्या कलमांच्या काड्या कोकणातूनच तिकडे गेल्या होत्या. कोकणची पहिली पेटी बाजारात येण्याच्या आधीच तो संपून जातो, त्यामुळे आज तो भावाशी स्पर्धा करीत नाही. त्याला 'हापूस' म्हणावे की नाही, हा प्रश्न मात्र मानांकनाच्या कायद्यापुढे उभा आहे, आणि त्याचे उत्तर देताना जिल्ह्यातील कोणत्या बागायतदाराचे, कोणत्या निर्यातदाराचे आणि वाशीतील कोणत्या व्यापाऱ्याचे हित धरावयाचे, हे आधी ठरवावे लागेल.